राहून गेलेला थांबा

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी शैक्षणिक सहलीविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आम्हांस हे काम सोपे वाटले होते. दरवर्षी डिसेंबरात सहल निघते, दरवर्षी तिचा अहवाल लिहिला जातो आणि तो कार्यालयाच्या कपाटात जाऊन बसतो. त्यातलाच एखादा काढावा, चार ओळी इकडेतिकडे कराव्यात आणि द्यावा, असा विचार होता. परंतु जुने अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, सहल आपण आजवर सात वेळा काढली. सातही अहवालांत दौलताबादचा किल्ला आहे. आणि सातांपैकी सहा अहवालांत दौलताबादची एक गोष्ट नाही. ती का नव्हती आणि सातव्या खेपेस कशी आली, हे सांगण्यासाठी हा लेख.

सहल म्हणजे आपल्या मुलांच्या दृष्टीने काय असते, हे पालकांना वेगळे सांगायला नको. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळी सरली की कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. सहलीचे पैसे एकरकमी भरणे त्यांना कठीण. कोणी उचलीतून थोडे बाजूला काढतो, कोणी आजीच्या हाती घामाने मऊ झालेल्या नोटा पाठवतो. त्या वर्षी ज्यांचे पैसे आलेच नाहीत, त्यांचे आपल्या माजी विद्यार्थ्यांनी भरले आणि नावे सांगू नका म्हणून बजावले. आम्ही ती सांगत नाही. पण एकही मूल मागे राहिले नाही, एवढे येथे नोंदवतो.

बस सुटण्यापूर्वी आमची एक ठरलेली रीत आहे. प्रत्येक मुलाने आपली पाण्याची बाटली वर करून दाखवायची. मुलांना हा खेळ वाटतो. त्यामागे एक आठवण आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव आणि त्याची भावंडे मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा जात कळताच गाडीवान त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः गाडी हाकून त्या मुलांनी प्रवास केला. जवळ शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती रात्र तहानेने काढावी लागली. तीही मुलांची एक सहलच होती. नवे कपडे घालून, आगगाडीत बसून, आनंदात निघालेली. म्हणून आम्ही बाटल्या मोजतो.

पहिल्या दिवशी आम्ही नागसेनवनात उतरलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली, हा इतिहास पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपतो. प्रत्यक्ष त्या झाडांच्या सावलीत उभे राहिल्यावर तो एका ओळीचा राहत नाही. निजामी राजवटीत ज्या प्रदेशात शिक्षणाची दारे बहुतेकांना बंद होती, तेथील खेड्यापाड्यांतील पोरे पत्र्याची पेटी घेऊन येथे आली, वसतिगृहात राहिली आणि पुढे शिक्षक, वकील, लेखक झाली. ‘अस्मितादर्श’चे संपादक डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक येथेच शिकवत होते. आम्ही मुलांना नावांचा अर्थ सांगितला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी परिसराला उत्तर देणाऱ्याचे नाव दिले आणि महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे. ‘लक्षात ठेवा,’ आम्ही म्हणालो, ‘आपल्या परंपरेत विचारणाऱ्याचा मान मोठा आहे.’ हे वाक्य दोनच दिवसांनी आमच्यावर उलटणार होते.

तेथून विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गेलो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेले हे मराठवाडा विद्यापीठ. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या वेळी आम्ही याच विद्यापीठात इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एक नाव आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर दुसरे. त्या दोन्ही गुणपत्रिका आम्ही सोबत नेल्या होत्या. मुलांनी त्या हातोहात फिरवल्या. दोन कागदांच्या मधल्या एका वर्षात सोळा वर्षांचा संघर्ष मावलेला आहे, हे त्यांना सांगताना आमचा आवाज थोडा बदलला असावा, कारण मागच्या रांगेतील गडबड आपोआप थांबली.

दुपारनंतर विद्यापीठाच्या पाठीमागील डोंगरातील लेण्यांकडे गेलो. अजिंठा-वेरूळच्या छायेत ही औरंगाबाद लेणी थोडी दुर्लक्षित राहिली आहेत. त्यामुळेच तेथे शांतता आहे. लेण्यांचे एकूण तीन गट. चौथ्या क्रमांकाचे लेणे हे जुन्या परंपरेतील चैत्यगृह. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांच्या आसपासची. चैत्यगृहात मुलांनी त्रिशरण-पंचशील म्हटले आणि स्वतःच्याच आवाजाचा घुमारा ऐकून क्षणभर स्तब्ध झाली. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक आहेत. ना राजे, ना देव. हात जोडून ऐकत बसलेली माणसे. एक मुलगी त्यांच्या ओळीत तशीच बसून पाहू लागली, कोणी सांगितल्याशिवाय. सातव्या लेण्याच्या दर्शनी बाजूस अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. आग, चोर, हत्ती, सर्प, बुडते जहाज अशा संकटांत सापडलेली माणसे त्याच्या दोन्ही अंगांना कोरलेली आहेत. जहाज डोंगरात कसे आले, असा प्रश्न निघाला. मग पैठणचा व्यापार, बंदराकडे जाणारे घाट आणि दान देणारे व्यापारी असा सगळा भूगोल त्या एका जहाजाने शिकवून टाकला. बाहेर येऊन पाहिले तर खाली शहर पसरलेले आणि त्यात बीबी का मकबऱ्याचे पांढरे घुमट उन्हात चकाकत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉ. सलीम अली सरोवरावर गेलो. येथे शिक्षकांची फजिती झाली. आम्ही पक्ष्यांचे पुस्तक उघडून एकेक चित्र जुळवत होतो. तेवढ्यात आठवीतील एक मुलगा हलक्या आवाजात नावे सांगू लागला. काठावर निश्चल उभी ती ढोकरी. पाण्यात बुडी मारून वर आला तो पाणकावळा. ती ओरडते ती टिटवी. तिची अंडी उघड्यावर असतात म्हणून ती माणसाला लांब नेऊन फसवते. हा मुलगा फासेपारधी कुटुंबातला, त्याच वर्षी जूनमध्ये शाळेत आलेला. पाखरांची भाषा त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्या कसबापायी त्याच्या समाजाला गुन्हेगार ठरवले गेले, तेच कसब त्या सकाळी विज्ञानाचा तास झाले. आमच्या विज्ञान शिक्षकांनी पुस्तक मिटले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण बसमध्ये तो पुन्हा शेवटच्या बाकावर एकटाच बसला, हेही आम्ही पाहिले होते. पाहिले आणि काही केले नाही.

पाणचक्कीपाशी मुले सर्वांत जास्त रमली. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथे आणले, भिंतीवरून खाली सोडले आणि त्यावर जाते फिरवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि शिष्यांसाठी त्यावर पीठ दळले जाई. टँकरच्या रांगेत हंडे लावून वाढलेल्या आपल्या मुलांना त्या पाण्याचे अप्रूप कळते. आम्ही त्यांना या शहराच्या पाण्याचा मूळ पुरुष सांगितला तो मलिक अंबर. आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनेत आलेला हा मनुष्य अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तिला नहरीने पाणी दिले आणि मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. शहराची नावे पुढे बदलत गेली. त्याने आणलेले पाणी मात्र शतकानुशतके वाहत राहिले. माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून करणाऱ्यांना इतिहासाने दिलेले हे एक उत्तर आहे, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. तेथे सांगावे लागले नाही. पाणी समोर वाहत होते.

मकबरा, हिमरू विणणारे हातमाग, दिल्ली दरवाजा हे सर्व त्याच दिवशी झाले. त्याचे तपशील अहवालात आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी बस दौलताबादकडे निघाली.

येथे आमच्या बसचालकांविषयी सांगितले पाहिजे. मुले त्यांना चाचा म्हणतात. गेल्या चार सहलींना तेच होते. घाटात पोटात ढवळले तर लिंबू काढून देणारे, रात्री मुली सगळ्या वर चढल्या का हे आमच्याआधी मोजणारे गृहस्थ. किल्ल्याच्या प्रवेशद्वाराबाहेर आम्ही उतरलो. चाचा पाण्याचा कॅन खाली ठेवून मुलांच्या बाटल्या भरून देत होते. आम्ही नेहमीप्रमाणे सुरुवात केली. यादवांची देवगिरी, १३२७ साली राजधानी येथे आणणारा मुहम्मद तुघलक, चांदमिनार, खंदक, अंधारी. तेवढ्यात नववीतील एका मुलीने हात वर केला.

‘सर, बाबासाहेबांना पाण्यावरून अडवलं तो हौद कुठं आहे?’

वाचनालयातील ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चा अनुवाद तिने वाचला होता. आम्ही चाचांकडे पाहिले. बाटली भरता भरता त्यांचा हात थांबला होता. आणि आम्ही म्हणालो, ‘आधी किल्ला पाहून घेऊ. मग बोलू.’

ती खाली बसली. आम्ही वर चढलो. अंधारीतून जाताना मुलांनी एकमेकांचे हात धरले, वटवाघळांच्या वासाने नाके दाबली, आरोळ्या ठोकल्या. आम्हांस मात्र त्या काळोखात आमचेच परवाचे वाक्य ऐकू येत होते. विचारणाऱ्याचा मान मोठा आहे! सहा वेळा आम्ही त्या दरवाजातून मुलांना नेले होते आणि सहाही वेळा ती गोष्ट गिळली होती. कारणे तयार होती. सहलीच्या आनंदात विष कशाला कालवायचे, हे एक. दुसरे असे की, दिवस बिकट आहेत. अर्धे सत्य उचलून माणसांना माणसांवर घालणारे टपलेलेच आहेत. आपल्या तोंडून त्यांना खाद्य का मिळावे? आणि तिसरे, चाचा. त्यांच्यासमोर हे कसे बोलायचे? तिन्ही कारणे सभ्य होती. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने सभ्यतेपोटी गिळलेले सत्य विद्यार्थ्याच्या पदरी अज्ञान म्हणूनच पडते.

खाली आल्यावर झाडाखाली शिदोऱ्या सुटल्या. भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी. ती मुलगी पुन्हा काही विचारीना, हेच आम्हांस अधिक लागले. तेव्हा चाचाच म्हणाले, ‘सर, उस बच्चीने सुबह कुछ पूछा था. मेरे सामने बोलने में झिझक काहे की? जो हुआ सो हुआ. सच है तो बताओ.’

मग आम्ही सांगितले. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून ते येथे थांबले. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला लहान हौद होता, सभोवार फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या लोकांनी फरशीवर बसून हातपाय धुतले आणि ते किल्ल्याच्या दरवाजाशी गेले. तोच एक वृद्ध मुसलमान ओरडत मागून आला, की या लोकांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला. रमजानचा महिना होता. शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येऊ लागले. तुमचा धर्म हेच शिकवतो का आणि अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल का, असा सवाल बाबासाहेबांनी जमावाला केला. त्याला उत्तर आले नाही. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. पण आत कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

कोणी जेवत नव्हते. दहावीतील एक मुलगा तिरीमिरीने म्हणाला, ‘म्हणजे हे पण तसलेच की, सर!’ त्याने चाचांकडे पाहिले नाही, पण सगळ्यांना कळले.

ज्या क्षणाची आम्हांस सहा वर्षे भीती होती, तो हाच. आम्ही त्याला विचारले, त्या पुस्तकात आणखी कोण कोण आहे? त्या मुलीनेच उत्तर दिले. मसूरचे गाडीवान हिंदू होते. बडोद्यात काठ्या घेऊन बाबासाहेबांना खानावळीतून काढणारे पारशी होते. तेथेच त्यांना घरात घेण्याचे टाळणारा मित्र ख्रिस्ती होता. ‘मग बाबासाहेबांनी कोणाविरुद्ध लिहिले?’ आम्ही विचारले. मुले गप्प राहिली. आम्ही म्हणालो, की एका घराकडे बोट दाखवायचे असते तर त्यांनी एकच प्रसंग लिहिला असता. जात हा रोग या देशात प्रत्येक घराचा उंबरा ओलांडून आत गेला आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी इतके प्रसंग लिहिले. आणि ज्या मुलखात त्यांना पाण्यावरून अडवले गेले, त्याच मुलखात सोळा वर्षांनी त्यांनी महाविद्यालय काढले. परवा आपण पाहिले ते. त्याचे दार त्यांनी सर्वांना उघडे ठेवले.

चाचा बराच वेळ मान खाली घालून ऐकत होते. मग मराठीत म्हणाले, ‘आमच्यातही आहे, पोरांनो. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणारे. नमाजाला एका रांगेत उभे राहतो, पण मोठ्या घराण्याचे लोक आमच्याकडे लेक देत नाहीत. माझ्या बहिणीच्या वेळी मी पाहिलंय.’ एवढे बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

आम्हांस वाटले, धडा पुरा झाला. पण त्या मुलीने पुन्हा हात वर केला. ‘आणि आपल्यात, सर? वसतिगृहात याच्या गादीशेजारी कोणी गादी घालत नाही. जूनपासून.’ तिने नाव घेतले नाही. शेवटच्या बाकावर बसणारा तो मुलगा ताटलीतील पिठल्याकडे पाहत होता.

आपली शाळा बौद्ध संस्थेची. रोज सकाळी आपण समतेची प्रार्थना म्हणतो. बावीस प्रतिज्ञा मुलांना तोंडपाठ आहेत. तरीही जूनपासून डिसेंबरापर्यंत आपल्याच छपराखाली एक हौद होता आणि त्याच्या काठावर एक मूल उभे होते. ते आम्हांस दिसत होते. आम्ही ‘मुलांचे मुलांत मिटेल’ म्हणून पुढे गेलो होतो. जसे दौलताबादच्या दरवाजातून पुढे जात होतो, तसेच. त्या दुपारी सर्व मुलांसमोर आम्ही सांगितले, की ही चूक प्रथम शिक्षकांची आहे. त्याहून जास्त बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

संध्याकाळी वेरूळला गेलो. बाबासाहेबांना जेथे पोहोचायचे होते ती लेणी मुलांनी पाहिली. दहाव्या लेण्यातील स्तूपासमोर बराच वेळ बसली. परतीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर तो मुलगा एकटा नव्हता. दहावीतील तोच तिरीमिरीचा मुलगा त्याच्याशेजारी बसला होता आणि खिडकीबाहेरच्या पाखरांची नावे विचारत होता. एवढेच आम्ही पाहिले. त्याहून अधिक अर्थ आम्ही त्यातून काढत नाही, कारण एका प्रवासाने जात जात नाही, हे आमच्या वयाच्या माणसाला ठाऊक आहे. वसतिगृहातील गाद्यांची मांडणी आता दर महिन्याला बदलते आणि ती आम्ही स्वतः लावतो.

त्या वर्षीच्या अहवालात दौलताबादखाली आम्ही प्रथमच लिहिले: ‘प्रवेशद्वाराबाहेर थांबा, अर्धा तास. विषय: १९३४.’ पुढील सहलींसाठी तो थांबा आता छापील कार्यक्रमातच आहे.

हे सर्व लिहिण्याचे कारण शेवटी सांगतो. या स्मरणिकेच्या वाचकांत असे कितीतरी माजी विद्यार्थी आहेत, जे आमच्याबरोबर त्या दरवाजातून आत गेले होते. त्यांतील काही आज स्वतः शिक्षक आहेत, काही आईबाप आहेत. तुम्हांला आम्ही तुघलक सांगितला, चांदमिनार सांगितला, अंधारीत तुमचे हात धरले. पण ज्या ठिकाणी थांबायला हवे होते, तेथे आम्ही तुम्हांला थांबवले नाही. ते आमच्याकडे तुमचे देणे राहिले होते. आता आपल्या मुलांना घेऊन तिकडे जाल तेव्हा दरवाजाबाहेर थोडे थांबा, त्यांना सगळे सांगा, कोणावरही राग न धरता आणि काहीही न वगळता. आणि परत आल्यावर आपल्या घरात, आपल्या वस्तीत असा हौद कोठे आहे का, हेही एकदा पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!